आत्यांचा खेटा

माघातला रविवार होता. पहाटे साडेतीनला शुक्रवार पेठेतून निघालो, मी आणि शेजारच्या काकू. काकूंचा हा कितवा खेटा असेल देव जाणे, माझा पहिलाच. माघात सुरू होणारे पाच रविवार कोल्हापूरची माणसं अनवाणी वाडी रत्नागिरीला जोतिबाकडं जातात, त्याला आम्ही खेटे घालणं म्हणतो. गाडीरस्त्यानं १७-१८ किलोमीटर. लग्न होऊन या गावात येऊन मला एकवीस वर्षं झाली, तरी कधी गेले नव्हते. जायच्या त्या आत्या, माझ्या सासूबाई.

घाटावर पंचगंगेत पाय घातला आणि कळ थेट डोक्यात गेली. काकू म्हणाल्या, "तीन बुडक्या मार पोरी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, नि डोळ्याला न दिसणारी सरस्वती. पाचजणी हाईत हितं, घाबरतीस कशाला?" मारल्या. ओल्या केसांनीच शिवाजी पूल ओलांडला. अंग गारठलं, पण आतलं जे धुवायचं होतं ते तसंच होतं.

ते सांगते. गेल्या माघात आत्या अंथरुणावर होत्या. पाय चालत नव्हते. एका रविवारी मला म्हणाल्या, "गाडीनं तेवढं जोतिबाच्या दक्षिण दरवाजापर्यंत नेशील का? आत नको, शिखर बघून येऊ." रात्रभर त्यांचं करून मी थकले होते. म्हणाले, "काय ठेवलंय तिथं? दगडच की तो." त्या गप्प बसल्या. भिंतीकडं तोंड करून निजल्या. त्यानंतर त्या विषय काढायच्या राहिल्या, आणि दिवाळीच्या आधी गेल्या. वर्षभर ते वाक्य माझ्या घशात अडकून बसलंय. भाकरी थापताना आठवतं, आणि रात्री दोनला जाग येते.

वडणगे, निगवे मागं पडलं. दोन्ही बाजूला ऊस, आणि कुठूनतरी गुऱ्हाळाचा वास. पोरांचे घोळके पळत पुढं जायचे, एकजण ओरडायचा, "जोतिबाच्या नावानं," आणि अंधारातून मागून-पुढून पन्नास गळे, "चांगभलं!" पहिल्यांदा माझा आवाज फुटला नाही. दुसऱ्यांदा फुटला.

आत्या ही खेट्यांची गोष्ट फार आवडीनं सांगायच्या. देव दक्षिणेतलं काम आटोपून केदारनाथाला माघारी निघाला होता. ते अंबाबाईला कळलं, तशी ती करवीरातून अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि म्हणाली, जाऊ नकोस. म्हणून देव राहिला. "आपली आई चालली, म्हणून तो हाय," असं म्हणून आत्या स्वतःच्या तळव्यांवरून हात फिरवायच्या. तेव्हा मी भांडी घासत अर्ध्या कानानं ऐकायची. आज खडे टोचत होते आणि शब्दन् शब्द आठवत होता.

कुशिऱ्याच्या पुढं चढ लागला, तेव्हा उजाडलं होतं. डाव्या तळव्याला फोड आला होता. गायमुखापाशी टेकलो. पाणी प्यायले आणि एकदम ते सगळं काकूंना सांगून टाकलं. वाटलं होतं त्या म्हणतील, जाऊ दे गं, माणूस थकतं. तसं काही म्हणाल्या नाहीत. पदरानं माझं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? वर जाऊन सांग. तिचा देव तिथंच हाय." तेवढंच. मला तेच हवं होतं.

दक्षिण दरवाजातून आत शिरलं की सगळं गुलाबी दिसतं. पायऱ्या, दीपमाळा, माणसांचे कान, सगळं. काळ्या दगडाच्या भिंतींच्या सांधीसांधीत गुलाल मुरलाय. राणोजी शिंद्यांनी १७३० मध्ये हे देऊळ बांधलं, तेव्हापासून किती लोकांनी तो उधळला असेल! रांग दोन तास चालली. गाभाऱ्यासमोर उभं राहायला मिळाले ते चार-पाच श्वास. खड्ग, त्रिशूळ, डमरू, आणि ते शांत तोंड. मागणं पाठ करून गेले होते, पोराची नोकरी, घराचं कर्ज. एकही शब्द आला नाही. तोंडातून निघालं, "आत्या, चुकलं माझं." पुजाऱ्यांनी कपाळाला गुलाल लावला, मागच्यांनी पुढं ढकललं, झालं.

बाहेर येऊन यमाईला जायचं होतं. काकू म्हणाल्या, जरा टेक. देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसले. दगडावर ऊन आलं होतं, पाठीला ऊब लागत होती. समोर ढोल वाजत होता, लेकरं रडत होती, नारळ फुटत होते. पायातली कळ हळूहळू उतरत गेली, आणि तिच्याबरोबर छातीवरचंही काही उतरलं. देवाच्या इतक्या जवळ बसलेय आणि त्याला काही मागायचं उरलेलं नाही, असं मला आयुष्यात कधी झालं नव्हतं. डोळे मिटले. कुणीतरी म्हणालं, "ह्यांना उठवा की, वाटेत बसल्यात." काकूंचा आवाज आला, "झोपू द्या तिला. वर्षाची झोप हाय ती."

जाग आली तेव्हा ऊन पायांवर सरकलं होतं. नारळाचं अर्धं भकल काकूंनी पदरात राखून ठेवलं होतं.

"उतरायचं?"

"थोडं बसूया की अजून," मी म्हणाले, आणि खोबऱ्याचा तुकडा मोडला.