काळी माती, बाभळीचे काटे आणि जाम घाट

इंदूर ते महेश्वर डांबरी रस्त्यानं सुमारे ९० किलोमीटर. सरावाचा माणूस सायकलवर एका दिवसात पोचतो. महूनंतर मात्र शेतातल्या गाडीवाटा धरल्या की दोन दिवस धरावेत. वेळ खाते ती माळव्याची काळी माती.

पाऊस जाऊन दोन महिने झाले की वाटा कोरड्या, असं आपण धरून चालतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरात इथं गव्हाला पाणी चालू असतं. कुठं पाइपाचा जोड गळतो, कुठं सरीतलं पाणी वाटेवर येतं आणि वीस-तीस पावलांचा तुकडा लोण्यासारखा होतो. चाकाच्या पहिल्या दोन फेऱ्यांत टायरची नक्षी बुजते. मग त्या मातीत काडीकचरा मिसळतो आणि पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीत तिचा असा गिलावा बसतो की चाक हलत नाही. अशा वेळी पेडलवर जोर देऊ नका. चिखलानं जखडलेला डिरेलर, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा भाग, मागे ओढला जातो, तो फ्रेमला जोडणारी पट्टी म्हणजे हँगर वाकतो आणि डिरेलरचा चेन धरणारा पिंजरा थेट आऱ्यांत शिरतो. उतरा, सायकल उचला, कडेच्या गवतावरून चाला. माती बांबूच्या चपट्या कामटीनं खरवडायची. बाटलीतलं पाणी तिच्यावर घालू नका, ती जास्तच चिकटते आणि प्यायचं पाणी जातं ते वेगळंच.

म्हणून मडगार्ड घरी ठेवा. टायर २.४ इंची नको, २.१ किंवा २.२५ पुरे, म्हणजे फोर्कमध्ये बोटभर जागा राहते. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, वाटेत मिळत नाही. एक जास्तीचा पिशवीत हवाच. तुटलेली चेन जोडायची जोडकडीही आपल्या गिअरच्या संख्येचीच घ्या. दहाची कडी अकराच्या चेनला बसत नाही.

कोरड्या वाटेवर शत्रू बदलतो. बांधावरची बाभूळ छाटून त्याच फांद्यांचं कुंपण करतात आणि काटे वाटेवर पसरतात. टायर ट्यूबलेस असेल तर २९ इंची चाकात १०० ते १२० मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, निघायच्या आठवड्यात नव्यानं भरा. दोन-तीन महिन्यांपूर्वीचं आत सुकून पापुद्रा झालेलं असतं. काटा उपसला की भोक खाली येईल असं चाक फिरवून मिनिटभर थांबा. ट्यूब असेल तर नवी घालण्याआधी टायरच्या आतून फडकं फिरवा. एक काटा सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी करा. मोडलेलं टोक आत राहिलं की नवी ट्यूबही तासाभरात पंक्चर होते. खेड्यातल्या दुकानात २९ इंची ट्यूब मिळेल या भरवशावर राहू नका. बारीक तोंडाच्या वॉल्व्हवर बसणारी पितळी टोपी खिशात असली, तर मोटारसायकलच्या पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. कॉम्प्रेसर मात्र थेंबाथेंबानं सोडायला सांगा.

पुढे घाटमाथ्यावर जाम दरवाजा लागतो, दगडी कमानीचा, अहिल्याबाई होळकरांच्या काळचा, १७९१चा. माळव्याचं पठार इथं तुटतं आणि खाली निमाड पसरलेलं दिसतं. रविवारी गाड्यांची इतकी दाटी असते की दगडी कमानीखाली उभं राहायला जागा नसते. मधल्या वारी, सकाळी आठच्या आत यावं. खालचा घाट वळणावळणाचा आहे आणि आठ किलो सामान बांधलेली सायकल पुढे रेटत राहते. ब्रेक सतत दाबून ठेवला की डिस्कला घासणारे रेझिनचे पॅड काचेसारखे गुळगुळीत होतात आणि पकड जाते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात, थोडाच वेळ. मग पूर्ण सोडायचे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते. निघण्यापूर्वीच पॅडचा थर मिलिमीटरभर उरला असेल तर बदला.

घाट उतरला की उन्हाची जात बदलते. माळव्यात दिवसाला दोन लिटर पाणी पुरतं, इथं साडेतीन लागतं. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं असतं. अर्ध्या बाटलीत अख्खं पाकीट घालण्याची सवय वाईट, त्यानं तहान वाढते.

मंडलेश्वर, महेश्वर, नदीच्या घाटावरची संध्याकाळ, सगळं सुंदर. मुक्कामाबद्दल एवढंच की नर्मदाकाठचं सदावर्त, म्हणजे फुकट जेवण-मुक्कामाची सोय, नर्मदेची पायी प्रदक्षिणा करणाऱ्या परिक्रमावासींसाठी आहे. सायकल घेऊन गेलात तर कुणी नाही म्हणणार नाही, म्हणूनच आपण आधी विचारावं, जागा असेल तरच थांबावं आणि निघताना दानपेटीत खोलीच्या भाड्याइतके पैसे टाकावेत. फुकट जेवून त्याचे फोटो टाकणाऱ्यांचा मला राग येतो.

तिसऱ्या दिवशी मांडव, म्हणजे मांडू. नर्मदेपासून साडेचारशे मीटरहून जास्त चढ आहे, त्यामुळे उजाडायच्या आत निघावं. आदल्या रात्री कॅरिअरचे चारही बोल्ट चार नंबरच्या एलन कीनं तपासा. गाडीवाटेच्या हादऱ्यांनी ते हमखास सैल होतात. मग नदीघाटावरच्या चहावाल्याला रस्ता विचारण्याऐवजी शेतकरी गाठा आणि विचारा, “दादा, आज पाणी कुठल्या शेतात सोडलंय?”