कॅनडात घर घेताना आडवं आलं गावाकडचं घर

फॉर्म भरता भरता वकीलबाईंनी विचारलं, “जगात कुठंही, कधीही, तुमच्या मालकीचं घर होतं का?” मी ‘नाही’ म्हणून मोकळा झालो. पुण्यात आठ वर्षं भाड्यानं काढली, इथं ओंटारियो प्रांतातल्या किचनरला तळघरात पावणेतीन वर्षं. आमचं कुठलं आलंय घर! रात्री आईशी बोलताना सहज हे सांगितलं, तर ती म्हणाली, “गावच्या घराला नाव हाय की तुझं. आजोबा गेल्यावर नमुना आठला, ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदीला, सगळ्या वारसांची नावं लागली न्हाईत का?”

तिथून पुढं आमची चार हजार डॉलरची गोष्ट सुरू होते. पण आधी मागचं सांगतो, कारण लातूर-नांदेडकडच्या पोरांचे मला अजून फोन येतात, “दादा, वर्क परमिटवर घर घेता येतं का?”

आम्ही ऑगस्ट २०२२ मध्ये आलो. १ जानेवारी २०२३ पासून कॅनडानं बाहेरच्या लोकांना शहरी भागात राहतं घर विकत घ्यायला बंदी घातली. कायदा दोन वर्षांचा होता, पुढं तो १ जानेवारी २०२७ पर्यंत वाढवला. मोडला तर दहा हजार डॉलर दंड, वर कोर्ट घर विकायला लावू शकतं. सुरुवातीला वर्क परमिटवाल्यांना आधीच्या चार वर्षांतली तीन वर्षं इथं नोकरी दाखवावी लागायची. आमच्यासारख्या नव्यानं आलेल्यांना दार बंदच. मग २७ मार्च २०२३ ला नियम सैल झाला. घर घेताना परमिटचे १८३ दिवस शिल्लक हवेत आणि एकापेक्षा जास्त घर घ्यायचं नाही, एवढंच.

आमचा एजंट खूश. “आता घ्या, तुम्हाला परवानगी आहे.” खोटं बोलला नाही बिचारा. अर्धंच बोलला. ओंटारियो प्रांताचा वेगळा कर आहे, २५ टक्के, परदेशी नागरिकानं घर घेतलं की लागणारा. वर्क परमिटवाला त्या हिशेबात परदेशीच. म्हणजे बंदीच्या कायद्यात आम्ही चालतो आणि कराच्या कायद्यात उपरे. सहा लाखांच्या घरावर दीड लाख डॉलर कर! रुपयात नव्वद लाखांच्या वर. चार वर्षांच्या आत पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली तर काही अटींवर परत मिळतो म्हणे, पण आधी भरायला तर पाहिजेत. पीआरसाठी प्रांतानं स्वतः नाव सुचवलेल्यांना (नॉमिनी) तिथं वेगळी सूट असते, आम्ही त्यात नव्हतो. गप बसलो.

बसून राहण्यानं नुकसान झालं नाही. जुलै २०२३ मध्ये बँक ऑफ कॅनडाचा व्याजदर पाच टक्के होता, मार्च २०२५ पर्यंत तो पावणेतीनवर आला. मधल्या काळात दोघांनी पहिल्या घरासाठीचं करमुक्त बचत खातं उघडलं. वर्षाला आठ हजार, एकूण चाळीस हजारांपर्यंत भरता येतात, आणि त्याला पीआर लागत नाही, इथला कर-रहिवासी असलात की झालं. २०२३, २४, २५ असे प्रत्येकी चोवीस हजार भरले. सप्टेंबर २०२४ ला पीआर आली आणि बंदी नि २५ टक्के कर दोन्ही एका दिवसात आमच्यापुरते संपले.

६ लाख ४० हजार डॉलरचं रोहाऊस ठरलं. पाच लाखांपर्यंत पाच टक्के आणि वरच्या रकमेवर दहा टक्के, म्हणजे किमान ३९ हजार स्वतःचे हवेत. आम्ही ६४ हजार भरायचं ठरवलं, म्हणजे कर्ज बुडालं तर बँकेला भरपाई देणारा जो विमा असतो, त्याचा हप्ता कमी होतो. दोघांचे मिळून ४८ हजार होते. राहिलेले सोळा हजार आईनं देऊ केले.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली. लातूरच्या बँकेत ती मार्च २०२५ मध्ये गेली तेव्हा तिथल्या माणसानं चांगला सल्ला दिला : काकू, १ एप्रिलपर्यंत थांबा. तोवर परदेशी पाठवताना वर्षाला सात लाख रुपयांच्या वरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापायचे, एप्रिलपासून ती मर्यादा दहा लाखांवर गेली. कापलेले पैसे रिटर्न भरल्यावर मिळतात, पण पेन्शनवरच्या बाईनं ते कशाला अडकवायचे? तिनं एफडी मोडून एप्रिलमध्ये दहा लाख रुपये पाठवले. इकडची बँक म्हणाली, हे पैसे उसने नाहीत, परत करायचे नाहीत, असं आईकडून सहीनिशी लिहून आणा. आई चिडली. “पोराला दिलेले पैसे परत कोण मागतंय? अन् हे लिहून कामून पायजे त्यांना?” शेवटी सही केली, खाली तारीख टाकली, आणि स्वतःहून ‘आईचा आशीर्वाद’ असंही लिहिलं. ते भाषांतरात कसं घालायचं यावर माझी अर्धी रात्र गेली.

आता गावचं घर. आमचं गाव औसा तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माळवदाची, जड मातीच्या छताची, घरं बसली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. नंतर नव्या जागी गाव वसलं, आजोबांना चारशे चौरस फुटांचं घर मिळालं. वडील २०११ ला गेले, आजोबा २०१६ ला, मग चुलते, आत्या, आई, बहीण आणि मी, अशी नावं लागली. मी तिथं एक महिनाही सलग राहिलेलो नाही.

वकीलबाईंना नमुना आठचा उतारा नि भाषांतर पाठवलं. त्या म्हणाल्या, घर घेताना मुद्रांकासारखा जो कर असतो, त्यातली पहिल्या घराची चार हजार डॉलरची सूट गेली. वारसानं आलेला हिस्साही मालकीच धरतात, आणि लग्नानंतर नवऱ्याचा हिस्सा असेल तर बायकोलाही सूट नाही. ९,२७५ पूर्ण भरा. बचत खात्याला मात्र धक्का नाही, कारण तिथं मागच्या काही वर्षांत स्वतःच्या घरात राहत होता का, एवढंच बघतात. एकाच देशात ‘पहिलं घर’ दोन प्रकारचं! ब्रॅम्प्टनचा मित्र म्हणाला, “नाही म्हणून टाक ना, कोण बघायला येतंय किल्लारीकडं?” बायकोनं त्याला फोनवरच झापलं. आई विचारत होती, आता नाव कमी करून घेऊ का. पण फॉर्ममधल्या ‘कधीही’ या शब्दापुढं त्याचा उपयोग नव्हता.

विम्याच्या हप्त्यावर आठ टक्के प्रांतीय कर असतो, तो कर्जात घालता येत नाही, रोख द्यावा लागतो. आमचे दीड हजार गेले. हे कुणीच आधी सांगत नाही, म्हणून सांगतोय.

मे महिन्यात चावी मिळाली. व्हिडिओ कॉलवर आईला खोल्या दाखवल्या. तिनं भिंतीवर बोट वाजवून दाखवायला लावलं. पोकळ आवाज आला.

“कशाची हाय?”

“लाकडाचा सांगाडा, वर पत्र्यासारखा बोर्ड.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “अंगावर आलं तरी हलकं.”