अटक म्हणजे आडनाव

सोमवार, आयांचा गुजराती वाचनाचा वर्ग सुटल्यावर

शाळेच्या अर्जातला पहिलाच रकाना: 'अटक'. लग्न होऊन जळगाव-धुळ्याकडून बडोद्याला आलेली बाई तिथेच थबकते. चौथी-पाचवी झालेली असते, मराठी वाचता येतं. गुजराती अक्षरं कशीबशी लावून हा शब्द वाचते आणि आणखीच घाबरते. अटक कोणाला?

गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. इथल्या शाळेत नाव लिहिताना आधी अटक, मग मुलाचं नाव, मग बापाचं. आपल्याकडे आडनाव शेवटी. माहेरगावच्या जन्मदाखल्यावर मराठी क्रम असतो. तो जसाच्या तसा रकान्यांत उतरवला की मुलाचं नाव अटक होतं आणि आडनाव बापाच्या जागी जातं. पहिलीत ते कोणाच्या लक्षात येत नाही. शिष्यवृत्तीसाठी बँकेत खातं उघडायची वेळ आली की आधार एक सांगतं, शाळेचं रजिस्टर दुसरंच. मग दुरुस्तीसाठी खेपा, आणि प्रत्येक खेपेला एका दिवसाची मजुरी बुडते.

म्हणून वर्गात पहिलं काम बाराखडीचं नाही, कार्डाचं. वहीच्या अर्ध्या पानाएवढा पुठ्ठा. त्यावर मुलाचं नाव तीनदा: मराठी क्रमाने, गुजराती लिपीत अटक पुढे ठेवून, आणि इंग्रजीत जन्मदाखल्यावर आहे तेच स्पेलिंग, एकही अक्षर इकडेतिकडे न करता. खाली जन्मतारीख. प्लास्टिकच्या पाकिटात घालून पर्समध्ये. अर्ज कोणीही भरो, हे कार्ड बघूनच भरायचा.

मंगळवार

या बायकांच्या कागदावर 'अशिक्षित' लिहिलेलं असतं. त्याही मान डोलावतात. पण बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, वाचणारी बाई गुजराती वाचनापासून फार तर तीन आठवडे दूर असते. तिला पुन्हा अ अननसाचा करायला लावलं की दुसऱ्या आठवड्यात येणं बंद. लाज वाटते, आणि ती वाजवीच आहे.

आजचा पाठ शिरोरेषा काढून टाकण्याचा. ग, घ, त, थ, ध, न, प, म, य, र, व, ट, ठ, ड, ण ही अक्षरं वरची रेघ पुसली की गुजरातीत जवळजवळ तीच राहतात. तेवढ्यावर पहिल्याच दिवशी नगर, गरम, परत, वरण, वतन, गणपत वाचून होतात. वीस मिनिटांत गुजराती वाचलं म्हटल्यावर चेहरे बदलतात.

वेगळ्या वळणाची अक्षरं दहा-बारा: अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, ल, ळ. ही रोज तीनच घ्यायची. पाच घेतली की क आणि फ एकमेकांत मिसळतात. 'ए' मात्र गंमतीचा: गुजरातीत अ वर मात्रा देऊन लिहितात, सावरकरांच्या सुधारलेल्या लिपीत होता तसा. 'जी' वेगळी पाठ करून घ्यावी, ती नियमात बसत नाही. आकड्यांत फसवा एकच, पाच. गुजराती पाच हुबेहूब 'प' सारखा दिसतो. फोन नंबर वाचताना बायका मध्येच 'प' म्हणतात आणि सगळ्या हसतात.

खरी अडचण अक्षरांत नाहीच, ती मोकळ्या जागेत आहे. बाळबोधीत शिरोरेषा शब्दाला बांधून ठेवते; रेघ तुटली की शब्द संपला. गुजरातीत ती दोरीच नाही. छापील पुस्तकात जागा सोडलेली असते म्हणून निभावतं, पण बेननी (इथे शिक्षिकेला बेन म्हणतात) घाईघाईत वहीत लिहिलेली सूचना एकसलग अक्षरांची रांग दिसते आणि 'अक्षर कळतंय पण वाचता येत नाही' अशी तक्रार येते. उपाय शिसपेन्सिलीचा: आधी वाचायचंच नाही. शब्द जिथे सुटतोसा वाटतो तिथे बारीक तिरकी रेघ मारत ओळीच्या शेवटापर्यंत जायचं, मग मागे येऊन वाचायचं. चुकली रेघ तर खोडरबर आहेच. साधारण आठ-दहा सूचनांनंतर पेन्सिल आपोआप सुटते.

बुधवार

पाऊस. सहाच जणी. उजळणी.

गुरुवार

आज शब्द. मराठी बाईला गुजराती बोलायला अडत नाही, भाजीवाल्याशी, शेजारणीशी दिवसभर चालूच असतं. कागदावरचे शब्द मात्र तिच्या डोक्यात मराठी अर्थाने उमटतात आणि तिथे घोटाळा होतो.

'धोरण ३' म्हणजे इयत्ता तिसरी. 'काले रजा रहेशे' म्हणजे उद्या सुट्टी. बाईला वाटतं, कोणीतरी रजेचा अर्ज मागतंय. 'परिणाम' म्हणजे निकाल. 'फरजियात' म्हणजे सक्तीचं. 'दाखला गणो' म्हणजे गणितं सोडवा, पण 'आवकनो दाखलो' मागितला तर तो खरोखर उत्पन्नाचा दाखला. दोन्ही कागद एकाच दप्तरातून येतात.

सगळ्यात महाग पडणारा शब्द 'काले'. आपला काल म्हणजे होऊन गेलेला दिवस. गुजरातीत काले उद्याही असतं आणि कालही. वहीत 'काले वाली मीटिंग छे' (वाली म्हणजे पालक) वाचून आई हळहळते, मीटिंग तर होऊन गेली, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत तिची खुर्ची रिकामी राहते. शिक्षक म्हणतात, पालकांना रस नाही. नियम एकच शिकवायचा: नजर ओळीच्या टोकाला, क्रियापदावर. 'हती' असेल तर झालं गेलं. 'छे' किंवा 'रहेशे', 'आवशे' असेल तर अजून यायचंय.

असे शब्द चाळीसच्या आसपास भरतात. यादी पाठ करून काही होत नाही. गेल्या महिन्याच्या खऱ्या सूचना, नावं झाकून, झेरॉक्स करून वाटायच्या. आता बऱ्याच सूचना व्हॉट्सॲपवर येतात. छापील असली तर फोनचा कॅमेरा वाचून दाखवतो. हस्ताक्षराचा फोटो असला की तोही गडबडतो. उत्तर पाठवायला दोन वाक्यं पुरतात, ती मात्र हाताने लिहिता आली पाहिजेत: 'मारा दीकराने ताव छे, आजे शाळाए नहीं आवे.' मुलगी असेल तर 'मारी दीकरीने'. खाली सही.

शुक्रवार

सभेत बेनना 'माझा मुलगा कसा आहे?' विचारलं की 'सारो छे' मिळतं आणि दोघी मोकळ्या होतात. यापेक्षा वही उघडून त्यातल्या पानावर बोट ठेवायचं. हा वाचताना कोणत्या अक्षरावर अडतो? हातचा येतो का? घरी रोज दहा मिनिटं कशाला द्यावीत? या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथल्या तिथे वहीत लिहून घ्यावं, बेनच्याच हाताने. घरी ते वाचायचं आहे, म्हणजे तोही पाठच झाला.

नवरा मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पाळीवर असेल तर आठवड्याच्या दिवशी अकराची सभा त्याला झेपत नाही. मग मोठ्या मुलीला पाठवतात. बारा वर्षांच्या पोरीने भावाची रिपोर्ट घ्यायची! चार-पाच आयांनी मिळून शनिवारची सकाळ मागावी, तेव्हा शाळा बहुधा सकाळचीच असते. एकटीने मागितलं तर ती तक्रार ठरते.

शाळा व्यवस्थापन समितीबद्दल बायकांना माहीतच नसतं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, आणि निम्म्या स्त्रिया. विनाअनुदानित खासगी शाळेला हे लागू नाही. सरकारी शाळेच्या कामावर आणि अनुदानाच्या खर्चावर लक्ष ठेवणं समितीचं काम; अनुदानित शाळेत ती फक्त सल्ला देते. व्यवहारात ठरावांची वही घरी येते, सही मागतात, सही होते. ठराव वाचून घेतल्याशिवाय सही नाही, आणि सही करताना शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ ओढायची, मागाहून काही भरलं जाऊ नये म्हणून. ही एक सवय लागली तरी पुष्कळ.

रविवार

या गावात पालक आणि शाळा ही गोष्ट जुनी आहे. सयाजीरावांनी सक्तीचं शिक्षण १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलं, १९०६ मध्ये राज्यभर नेलं. मूल शाळेत धाडलं नाही तर आईबापांना दंड होता. खुद्द महाराज १८७५ मध्ये कवळाण्याहून दत्तक आले तेव्हा बारा वर्षांचे आणि निरक्षर. कायद्याने आईबापांकडून मूल मागितलं. त्यांना स्वतःला वाचता येतं का, हे दंड करताना कोण विचारणार?

आता केंद्राच्या 'उल्लास' कार्यक्रमात पंधरा वर्षांपुढच्या कोणाही निरक्षराला शिकून परीक्षा देता येते. वाचन, लेखन, अंकज्ञान, प्रत्येकी ५० गुण. ज्यांना कोणतीच लिपी येत नाही त्यांच्यासाठी ही वाट बरी, प्रमाणपत्र हातात पडतं. अशा तिघी आहेत. त्यांची सुरुवात मुलाच्या नावापासून, मग धोरण, रोल नंबर, शाळेचं नाव. त्यांना बाळबोध जाणणाऱ्यांबरोबर बसवलं ती चूक होती. त्या गप्प होतात आणि शेजारणीचं बघून लिहितात. उद्यापासून पाऊण तास आधी, वेगळ्या.

उद्यासाठी: क-फ ची मोठी कार्डं. परीक्षेच्या वेळापत्रकाच्या बारा झेरॉक्स. खोडरबर संपलेत.