आमची वाटचाल : बाटली सोडली, घाणा धरला

करमाळ्याकडे शेवगा घरचाच. शेंगा पुण्याच्या मार्केट यार्डात जायच्या, पाला शेळ्यांपुढे. याच पाल्याचा रस पिकावर फवारतात, त्यातलं झिएटिन हे संप्रेरक पान लवकर पिवळं पडू देत नाही, शिवाय पोटॅश, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व मिळतं, हे कळलं आणि रस बाटलीत भरून विकायचा धंदा डोक्यात शिरला.

पाला रात्रभर डीप फ्रीझरला ठेवायचा. सकाळी बाहेर काढला की लुळा पडतो, दाबला की हिरवागार, उग्र वासाचा रस सुटतो. तो मलमलच्या फडक्यातून गाळायचा आणि तीसपट पाण्यात मिसळायचा, म्हणजे 15 लिटरच्या फवारणी पंपाला अर्धा लिटर. गणित इथेच अडलं. एकरी 10 पंप धरले तर 5 लिटर रस लागतो, आणि तो काढल्यावर चार-पाच तासांत मारलेला बरा. नंतर आंबायला लागतो. दुकानात मांडून विकायचा हा माल नव्हेच.

त्यात 2021 साली वनस्पतींचे आणि समुद्री शेवाळाचे अर्क जैव-उत्तेजक, म्हणजे पिकाच्या वाढीला चालना देणारे पदार्थ, म्हणून केंद्राच्या खत नियंत्रण आदेशाखाली आले. विकायचं तर नोंदणी, शेतावरच्या चाचण्या, विषारीपणाच्या चाचण्या, सगळंच आमच्या ऐपतीबाहेरचं. तरी नियमाला नावं ठेवणार नाही. ‘टॉनिक’ म्हणून काय काय खपायचं ते आम्ही पाहिलंय.

मग तेलघाण्याची रीत उचलली. शेतकऱ्याने आपल्या बांधावरचा पाला आणायचा, आम्ही रस काढून द्यायचा, मजुरी किलोवर.

अवघड काम म्हणजे समजावणं. गिऱ्हाईक येतं ते सोयाबीनने माना टाकल्यावर. 2023 चा ऑगस्ट देशात 1901 पासूनचा सर्वांत कोरडा गेला, तेव्हा दारात ही गर्दी! बऱ्याच जणांना आम्ही परत पाठवलं. फवारा म्हणजे पाणी नव्हे. जमिनीत थोडी तरी ओल असताना, फुलोरा लागता लागता, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर मारला तर पीक उघडिपीत जरा जास्त तग धरतं. मुळाशी धूळ उडायला लागल्यावर मजुरी घेणं मला पटत नाही. आणि नेणाऱ्याला सांगतो, चार ओळी न फवारता कोऱ्या सोडा, फरक दिसला तरच पुन्हा या. भावाला हे धंद्याच्या मुळावर येणारं वाटतं. पण पुन्हा येणारी माणसं त्या कोऱ्या ओळी बघूनच येतात.

सध्याची कटकट नोझलची. एकदा गाळलेल्या रसाने ते चोंदतं, म्हणून आता दुहेरी फडकं लावतो. वेळ वाढलाय, मजुरी तेवढीच ठेवलीय.