झुकलेल्या झाडाचा वाडगा

लाकूड फिरवत कातायचा लेथ चालू होता. लाकडी वाडग्याच्या पातळ भिंतीमागे दिवा लावला आणि आत दिसणारा उजेड फडफडायला लागला. ९०० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १५ फेऱ्या, आणि दर फेरीला काहीतरी काळसर दिव्यासमोरून जात होतं. तुकडा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, हलला असणार आणि भिंत एका बाजूला जाड राहिली असणार, असं वाटलं. मशीन बंद करून कॅलिपर लावला. आठ जागी मोजलं, सगळीकडे अडीच ते पावणेतीन मिलिमीटर. जाडीत काही चूक नव्हती, लाकूडच एका बाजूला वेगळं होतं.

ओंडका वांद्र्याच्या एका आवारातला, जूनच्या वादळी पावसात पडलेल्या 'ख्रिसमस ट्री'चा. आपण त्याला पाइन म्हणतो, पण खरा पाइन तो नव्हे, अरॉकेरिया. नर्सरीत सरसकट नॉरफोक पाइन म्हणून विकतात, त्यात पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटाकडचा कूक पाइनही येतो. कूक पाइन विषुववृत्ताच्या दिशेने झुकतो. २०१७ साली निरनिराळ्या देशांतल्या झाडांची मोजणी प्रसिद्ध झाली, त्यात सरासरी झुकाव आठ अंशांच्या वर निघाला. मुंबईत तो दक्षिणेकडे असतो. हे माहीत असूनही ओंडका कापताना मी त्याची टोकं नीट पाहिली नव्हती. गाभा, म्हणजे वर्तुळांचा मध्य, मधोमध नव्हता, तीन सेंटिमीटर एका अंगाला होता आणि दुसऱ्या अंगाला तांबूस अर्धचंद्र होता.

सूचिपर्णी झाड कललं की खालच्या बाजूला घट्ट, गडद लाकूड धरतं. कॉम्प्रेशन वूड. त्यातून उजेड कमी जातो. शिवाय ते उभ्या रेषेत साध्या लाकडाच्या कितीतरी पट आकसतं, म्हणजे सुकल्यावर वाडग्याची कड त्या बाजूला खाली बसणार, हेही ठरलेलं.

या झाडाच्या मागे लागायचं ते गाठींसाठी. फांद्या खोडाभोवती एकाच पातळीवर चक्रासारख्या फुटतात, त्यामुळे गाभा लेथच्या अक्षावर ठेवला की गाठी भिंतीत सारख्या अंतरावर बसतात आणि उजेडात लालभडक दिसतात. म्हणून तुकडा गाभ्यावरच धरायचा. ओंडका २८ सेंटिमीटरचा होता, पण गाभा सरकल्यामुळे वाडगा जेमतेम २२ चा मिळाला. उंची १२, गाठींचं चक्र कडेपासून चार सेंटिमीटर खाली.

लाकूड ओलंच कातायचं. सुकलेल्या जाड तुकड्याला गाभ्यापासून तडे जातात. ओली पातळ भिंत वाकते, पण सहसा फुटत नाही. आधी बाहेरचा आकार पूर्ण करून तळाला चकसाठी ७० मिलिमीटरची खुंटी काढली. आतला मोठा माल मधून कडेकडे काढला, रेषा अक्षाला समांतर असल्यामुळे पातं त्या दिशेने गुळगुळीत चालतं. शेवटची जाडी मात्र कडेपासून सुरू करायची. दोन-तीन सेंटिमीटरचा पट्टा अडीच मिलिमीटरवर आणायचा, मग त्याखालचा. उतरलेल्या पट्ट्याला पुन्हा पातं लावायचं नाही, कारण तेवढ्या वेळात कड लंबगोल झालेली असते आणि गाऊज, म्हणजे कातायचं पन्हाळीसारखं पातं, पहिल्याच उंचवट्यात अडकून वाडग्याच्या चिंध्या करतो. मध्ये चहाला थांबायचं असेल तर ओलं फडकं गुंडाळून ठेवायचं. गाठी आजूबाजूच्या लाकडापेक्षा फार कठीण, त्यांवर पातं उडतं. तिथे ताजी धार आणि हलका हात.

दिव्यावर पूर्ण भरवसा टाकू नये. ओल्या लाकडातून उजेड जास्तच येतो. चार मिलिमीटरलाही भिंत केशरी दिसते, सुकल्यावर तीच पुठ्ठ्यासारखी मठ्ठ होते. दिवा असमानता दाखवायला, जाडीसाठी कॅलिपर. आणि दिवा एलईडीच हवा. हॅलोजनच्या उष्णतेने भिंत डोळ्यांदेखत वाळते.

सावलीची बाजू आतून घासून पातळ करावी असा मोह झाला होता. दोन मिनिटं पेपर मारलासुद्धा. दोन मिलिमीटरला आली तरी ती काळी ती काळीच. सोडून दिलं. तळाच्या गाभ्यात आणि दोन गाठींच्या केसासारख्या भेगांत पातळ सुपरग्लू सोडला.

कागदी पिशवीत सहा दिवस ठेवला. जुलैच्या दमट हवेत सुकणं सावकाश होतं, ते बरंच, पण रोज उघडून बुरशी बघावी लागते. बाहेर काढला तेव्हा तांबूस बाजूची कड दोन मिलिमीटर खाली गेली होती.

मग तेल. हवाईचे लाकूड कातणारे कलाकार रॉन केंट याच लाकडाचे वाडगे पुन्हापुन्हा तेलात मुरवून आणि घासून पारदर्शक करत. तत्त्व वडापावच्या कागदाचं. तेलाचा डाग पडला की पलीकडची बातमी वाचता येते, कारण तंतूंमधल्या हवेची जागा तेल घेतं. अळशीच्या तेलाचे पाच हात दिले, मध्ये ४०० चा पेपर. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून ती थेट पाण्याच्या बादलीत.

आता दिव्यावर ठेवला की वाडगा मधासारखा उजळतो, एका अंगाला तपकिरी चंद्रकोर तेवढी राहते. त्याच खोडाचे दोन तुकडे शिल्लक आहेत. टोकं ओली करून पाहिली. शेंड्याकडच्यात गाभा जवळजवळ मधोमध आहे, पुढचा वाडगा त्याचा. बुंध्याकडच्यावर खडूने अर्धचंद्र आखून ठेवलाय, त्याच्या जाड भिंतीच्या काथवटी होतील.