शिटीनंतरचा श्वास

फुटबॉलचा उपांत्य सामना शूटआउटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर पाळीपाळीने मारायच्या पेनल्टींमध्ये, हरल्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर बसला होता शेवटची पेनल्टी मारणारा मिडफिल्डर. चेंडू गोलच्या आडव्या बारवरून गेला होता. सरावात हा मुलगा क्वचितच चुकतो. "सर, पाय माझा नव्हताच," एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

अशा वेळी मी समजूत घालत बसत नाही, व्हिडिओ लावतो. आणि किक नाही, तिच्या आधीचं अर्धं मिनिट बघायला लावतो. पूर्ण मापाच्या मैदानावर मध्यरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत सुमारे ४१ मीटर चालावं लागतं. त्याने ते जवळजवळ पळतच पार केलं. चेंडू ठेवला, गोलकीपरकडे पाठ करून मागे गेला, वळला आणि शिटी वाजते न वाजते तोच धावला. सरावाच्या व्हिडिओत मात्र तो शिटीनंतर एक श्वास घेऊन निघतो.

ही घाई आत्मविश्वासाची नसते. नकोसा प्रसंग एकदाचा संपावा म्हणून शरीर पळ काढतं. नॉर्वेचे मानसशास्त्रज्ञ गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधले शूटआउट तपासले, तेव्हा पाठ फिरवणारे आणि शिटीनंतर घाई करणारे जास्त चुकताना दिसले. त्यांच्याच अभ्यासात, गोल झाला की विजय अशी किक ९० टक्क्यांहून जास्त वेळा जाळ्यात गेली. चुकली की पराभव अशी किक सुमारे ६० टक्के. अंतर तेच ११ मीटर, गोलही तोच ७.३२ मीटर रुंद. बदललं ते फक्त डोक्यातलं.

मग मी किकची फ्रेम थांबवली. आधाराचा पाय चेंडूच्या शेजारी पडायला हवा. तो मागे पडला होता आणि छातीही मागे झुकली होती. असं झालं की चेंडू उचललाच जातो. त्या क्षणी डोक्यात काय होतं, असं विचारल्यावर म्हणाला, "खाली ठेवायचा, खाली ठेवायचा." हेच नडलं. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली हालचाल ऐनवेळी मुद्दाम सांभाळायला गेलं की तिची लय तुटते.

उपाय साधा, पण सवयीचा. कोपरा चालतानाच ठरवायचा आणि नंतर बदलायचा नाही. चेंडू ठेवून गोलकडे तोंड करूनच मागे यायचं. कीपर हात हलवतो, बडबडतो, आणि घाबरलेल्याची नजर त्याच्यावर खिळते. मग चेंडूही त्याच्याच आवाक्यात जातो. म्हणून शेवटची नजर ठरलेल्या कोपऱ्यावर. शिटीनंतर एक लांब उच्छ्वास, मग धाव. रेफ्रीने थांबवलं तर ठिपक्यावर ताटकळत उभं न राहता चार पावलं मागे यायचं आणि क्रम पहिल्यापासून सुरू करायचा.

सरावात सलग वीस पेनल्टी मारून मनाची तयारी होत नाही, असं माझं ठाम मत आहे. दुसरी किक पहिलीची चूक पुसून टाकते, आणि सामन्यात दुसरी मिळत नाही. म्हणून सरावाच्या शेवटी, पाय थकलेले असताना, एकच किक. संघ मध्यरेषेवर उभा, पूर्ण अंतर चालत जायचं, कीपरला वेळ काढायची मोकळीक.

व्हिडिओचा शेवट बघताना मात्र मलाच वाईट वाटलं. तो डोकं धरून एकटा परत येतोय आणि रांगेतून कुणीही पुढे झालेलं नाही. कुणी दुष्ट नव्हतं, सगळेच सुन्न होते. पण पुढे आठवडाभर त्याची झोप उडवली ती याच दृश्याने. किकबद्दल तो नंतर फारसं बोललाच नाही. त्याच संध्याकाळी कोचशी बोलून नियम ठरवला: गोल होवो वा न होवो, परतणाऱ्याला गाठायला दोघांनी निम्म्या वाटेपर्यंत जायचं. ते दोघे कोण, हे शूटआउटच्या आधी नावानिशी ठरवायचं, कारण त्या धक्क्यात आपणहून पुढे जाणं कुणालाच सुचत नाही.