तुम्ही विचारलंत म्हणून: ह्या काड्या कशाला?

"ह्या काड्या कसाले लाई राह्यनात, भाऊ?" उतारावर आम्ही लावतो त्या काडीएवढ्या, उघड्या मुळांच्या रोपांकडे पाहून दर पावसाळ्यात हा प्रश्न येतो. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: नर्सरीत पुरुषभर उंचीची रोपं मिळतात, ती लावा, लवकर दिसतील. एकदाच नीट उत्तर देतो.

उतारावरची माती जागेवर राहावी म्हणून आम्ही झाडं लावतो, लवकर दिसावीत म्हणून नाही. माती धरतं ते मूळ, आणि मुळाच्याही आधी गवत. ५ बाय ८ इंची पिशवी भरली की किलोभराच्या आसपास जाते. हजार पिशव्या म्हणजे टनभर माती टेकडीवर डोक्याने चढवायची. गादीवाफ्यावरून, म्हणजे जमिनीपेक्षा उंच केलेल्या वाफ्यावरून काढलेली, उघड्या मुळांची हजार रोपं दोन-तीन ओल्या गोणपाटांत मावतात. वाचलेल्या पैशात चराईच्या दिवसांत राखणदार ठेवता येतो. माझ्या मते राखणदार रोपापेक्षा महत्त्वाचा आहे.

स्वस्त म्हणजे कसंही, असा अर्थ मात्र काढू नका. फेब्रुवारीत मीटरभर रुंदीचा वाफा करायचा: दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू. शिरीषाच्या बियांवर उकळून खाली उतरवलेलं पाणी ओतायचं, त्यातच रात्रभर भिजू द्यायचं आणि सकाळी फुगलेल्या तेवढ्याच पेरायच्या. बाकीच्यांना पुन्हा तेच. कडुलिंब वाफ्यावर घेऊ नका. त्याच्या निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पडतात आणि बियांची उगवण काही आठवड्यांतच जाते. गर धुवायचा, सावलीत सुकवायचं आणि लगेच चराच्या (उताराला आडव्या खणलेल्या नालीच्या) भरावावर टोचायचं.

आता ज्याच्यामुळे हा प्रश्न मला टोचतो, ते सांगतो. साक्री तालुक्यातला एक मुरमाड उतार. समतल चर खोदून तयार होते. मृगाच्या दोन सरी बरसल्या आणि घाई झाली. तेव्हा माझंच म्हणणं होतं की पाऊस आलाय, थांबायचं कशाला. पहाटे वाफ्यावरून शिरीष आणि शिसूची रोपं काढली. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवलेला नव्हता, त्यामुळे बारीक मुळं मातीतच तुटून राहिली. जुड्या ट्रॉलीत उघड्याच टाकल्या. वर पोचल्यावर लावणाऱ्यांच्या पुढे पुढे भरावावर मांडून ठेवल्या, म्हणजे हात थांबायला नको. मुरूम कडक, पहार चालेना, आणि जुड्या दुपारपर्यंत उन्हात पडून. केसासारखी पांढरी मुळं डोळ्यांदेखत तपकिरी झाली. ती दिसत होती, तरी लावत राहिलो. मग आर्द्रा पूर्ण कोरडं गेलं.

पोळ्याच्या सुमारास मोजायला गेलो. नखाने साल खरवडली की आत ओला हिरवा पापुद्रा दिसायला हवा. तिथे तपकिरी भुसा होता. गावातले दोघे-तिघे सोबत होते. त्यांतल्या एकाने काडी वाकवली, कट्‌ आवाज आला, आणि त्याने ती न बोलता माझ्या हातात दिली. त्या दिवशी प्रश्न विचारणारे बरोबर होते.

पण पूर्ण बरोबर होते का? त्याच उतारावर वरच्या दोन चरांना पिशवीतली मोठी रोपंही लावली होती. ती दिवाळीला हिरवीगार होती, फोटो निघाले. होळीनंतर तीही वाळली. उपटून पाहिलं तर मूळ पिशवीच्या तळाला जसं गोल फिरलं होतं तसंच गुंडाळलेलं, मुरमात बोटभरही शिरलेलं नाही. वर भरपूर पानं, खाली ओंजळभर मुळं. आपल्याकडच्या एप्रिलला हे पुरत नाही.

तेव्हापासून नियम ठरले. मृगाला लावायचं नाही. पहारीच्या भोकात हात घालून वीतभर खाली ओल लागली, तरच. बहुतेकदा ते पुनर्वसूत जमतं. आदल्या संध्याकाळी वाफा भिजवायचा, उजाडायच्या आत रोपं काढायची, निम्मी पानं छाटायची, मुळं शेण-मातीच्या काल्यात बुडवून ओल्या गोणपाटात गुंडाळायची. भोकात मूळ थोडं खोल सोडून रोप किंचित वर ओढायचं, म्हणजे मूळ सरळ होतं. मग टाचेने माती दाबायची. एक पान धरून ओढायचं: पान तुटलं पाहिजे, रोप हललं नाही पाहिजे. हललं तर मुळाशी पोकळी आहे, पुन्हा लावा. त्या दिवशी जेवढी लागतील तेवढीच काढायची, उद्याची आज नाही.

काळ्या जमिनीत हे तसंच्या तसं चालत नाही, हेही मान्य. उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मुळं त्यांत उघडी पडून तुटतात. तिथे खोडाभोवती कडब्याचं किंवा पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच.

आणि अंजन. आपल्या खानदेशातलं हे झाड पिशवीत घातलं की बिघडतं; सोटमूळ पिशवीबाहेर पळतं आणि उचलताना तुटतं. त्याच उतारावर कुणीतरी मूठभर बी चराकडेला टोचलं होतं. त्या मोजणीत मी ते धरलंच नाही, कारण गवतात बोटभर काडी आणि तिच्यावर जुळी पानं, आपट्याच्या पानासारखी पण चिमुकली. पुढच्या उन्हाळ्यात सगळं वाळलेलं असताना तीच जुळी पानं तिथे होती. मग मी सांगू लागलो की लावूच नका, पेरा. आता तेही तितक्या ठामपणे म्हणवत नाही, कारण बी उंदीर आणि मुंग्या नेतात. एका भोकात तीन-चार टाकली तरी बरीचशी भोकं रिकामी राहतात.

साक्री तालुक्यातल्याच बारीपाड्यात गावाने १९९०च्या दशकापासून जंगल राखलं. जमिनीत आधीपासून असलेल्या बुंध्यांना पुन्हा धुमारे फुटले. तिथून आलेला माणूस विचारतो, मग रोपं तरी कशाला? त्याला मी म्हणतो, आमच्या उतारावर बुंधे उरलेलेच नाहीत. परवा मात्र वरच्या चराखाली पळसाचा धुमारा दिसला, अंगठ्याएवढ्या जाड जुन्या बुडख्यातून आलेला, आणि त्याच्या हातभर अंतरावर आम्ही पहारीने भोक पाडलेलं होतं.